तिसऱ्या घंटेच्या आधी पॅच गेले होते

आमच्या एकांकिकेच्या ग्रुपमधल्या एका मुलाने गेल्या आठवड्यात मेसेज केला. ताई, चाळीसेक हजार जमलेत, पहिलंच हार्डवेअर घेतोय, एकाकडे ऐंशीच्या दशकातला ॲनालॉग सिंथ आहे तो घेऊ की दुकानातून नवा घेऊ? (सिंथ म्हणजे विजेवर आवाज बनवणारा कीबोर्ड, आणि ॲनालॉग म्हणजे कॉम्प्युटरच्या आकड्यांऐवजी सरळ विजेच्या सर्किटमधून आवाज काढणारा.) मी उत्तर टाइप करायला बसले आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं इथेच लिहून टाकू, कारण हाच प्रश्न मला सहा वर्षांपूर्वी पडला होता आणि तेव्हा नीट सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

आधी माझं सांगते. मी एकांकिकांना पार्श्वसंगीत करते, नोकरी वेगळी आहे, ऑफिसमधून भांडुपला घरी पोचायला आठ वाजतात, जेवणंबिवणं आटपून साडेनऊ ते अकरा एवढाच वेळ मिळतो, तोही हेडफोन लावून कारण बाहेरच्या खोलीत आई-बाबा झोपतात. लॅपटॉपवर दोन वर्षं काम केल्यावर मला हाताने फिरवता येईल असं काहीतरी हवं होतं. तेव्हा अंधेरीत एक जण आपला स्टुडिओ बंद करून सामान विकत होता, त्याच्याकडून मी ४८ हजारांना एक जुना जपानी सिंथ घेतला. सहा व्हॉइसचा, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजणारा, पुढे सगळ्या स्लायडर्सची रांग, लाकडी बाजू. घेताना त्याने एक पॅड, म्हणजे लांब धरायचा भरीव आवाज, वाजवून दाखवला आणि माझ्या अंगावर काटा आला, हे मी आजही नाकारणार नाही. तो आवाज खरंच सुंदर होता.

फेब्रुवारी-मार्च छान गेले. मे महिन्यात सूर हलायला लागला. आमच्या घरात एसी नाही, पंख्याखाली मशीन ठेवलेलं, आणि आमचा हार्मोनियमवाला आला की त्याची काळी एक आणि माझी काळी एक रात्री दहाला जुळायची आणि अकराला जुळायची नाही. जुन्या सिंथमधे आवाज तयार करणारा भाग व्होल्टेजवर चालतो आणि तापमान बदललं की तो सरकतो, म्हणून चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं, गरम होऊ द्यायचं, मग ट्यून करायचं, हे मला नंतर कळलं. ज्याच्याकडे रात्री दीडच तास आहे त्याच्यासाठी वीस मिनिटं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

आणि मग जुलै. स्पर्धेची प्राथमिक फेरी, धो धो पाऊस, मशीन दोन प्लॅस्टिकमधे गुंडाळून टॅक्सीने नेलं. शेवटच्या प्रसंगात हार्मोनियमच्या खाली मी लाइव्ह पॅड धरणार होते. हॉलवर पोचून चालू केलं तर माझे सगळे पॅच, म्हणजे मशीनमधे सेव्ह केलेले आवाज, गायब. दोन महिने बसून केलेले बत्तीस आवाज, त्यांच्या जागी नुसता कचरा, एका नंबरवर शिट्टी, दुसऱ्यावर काहीच नाही. अशा मशीनमधे मेमरी जिवंत ठेवायला आत एक छोटी बॅटरी असते, काहींमधे तर ती बोर्डवर सोल्डरच केलेली असते, ती संपली की मेमरी पुसली जाते. विकणाऱ्याला हे माहीत होतं की नाही मला सांगता येणार नाही, मला नक्कीच माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

पुढची दहा मिनिटं मी विंगेत खाली बसून मॅन्युअल मोडवर स्लायडर सरकवत तो आवाज कानाने परत लावला. फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा) इथपर्यंत, अटॅक (आवाज किती पटकन उठतो ते) इतका, कोरस (आवाज पसरट करणारा) चालू. तिसरी घंटा झाली तेव्हा साधारण जवळपास आला होता, पण बाहेरच्या दमट हवेतून एकदम हॉलच्या एसीत आल्यामुळे ट्यूनचं बटण दोनदा दाबूनही एक व्हॉइस जागेवर येत नव्हता. दर सहावा सूर बेसूर. शेवटी मी तीनच बोटं वापरून खालचे सूर लांब धरले आणि तो व्हॉइस मधे येणार नाही असं वाजवलं. एकांकिका पार पडली. परीक्षकांना काही कळलं नसेल, मला कळलं होतं आणि घरी जाताना टॅक्सीत मला रडू येत होतं.

पण ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही दुसऱ्या एका कारणाने पण. मला तो आवाज करता येत होता. नंबर माहीत होता म्हणून नव्हे, प्रत्येक स्लायडर कुठे होता ते हातांना माहीत होतं. लॅपटॉपवर दोन वर्षं मी प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, बदलत बसले होते आणि फिल्टर म्हणजे काय हे मला त्या मशीनने चार महिन्यांत शिकवलं, कारण एका कामाला एक स्लायडर, मेनूत मेनू नाही, लपवलेलं काही नाही. शिकायला हे फार मोलाचं आहे. फक्त ही गोष्ट जुनेपणाची नाहीये, ती मांडणीची आहे, आणि अशी मांडणी असलेली नवी मशीनं आज भरपूर मिळतात.

आता ज्यामुळे लोक जुन्याच्या मागे लागतात त्याबद्दल. मुंबईत कोणीही हा विषय काढला की चरणजित सिंग यांचं नाव निघतंच आणि निघायलाच हवं. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा हा माणूस, १९८२ मधे त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर घेऊन एक रेकॉर्ड केली, तेव्हा ती फार चालली नाही, २०१० मधे ती परत निघाली आणि जगभरच्या लोकांनी ऐकून तोंडात बोटं घातली, कारण ज्याला नंतर ॲसिड हाउस म्हणायला लागले, ते शिकागोच्या क्लबांतलं मशीनवर बनणारं नाचाचं संगीत, त्याच्याशी तिचं इतकं साम्य होतं आणि ती शिकागोतल्या त्या रेकॉर्डच्या पाच वर्षं आधीची होती. त्यांच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन मशीनं होती, ठेक्याचं टीआर-८०८, बेसचं टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथ. आता तारखा बघा. ८०८ आलं १९८० ला, ३०३ आणि ज्युपिटर-८ १९८१ ला. म्हणजे १९८२ मधे चरणजितजींसमोर जे टेबलावर होतं ते जेमतेम एक-दोन वर्षांचं, कोरं करकरीत सामान होतं! आज आपण ज्यांच्याकडे बघून व्हिंटेज व्हिंटेज म्हणतो तो माणूस त्याच्या काळातलं सगळ्यात नवं हार्डवेअर घेऊन बसला होता. तसंच हिंदी सिनेमातले वादक केर्सी लॉर्ड यांचं, सत्तरच्या दशकात मुंबईच्या रेकॉर्डिंगमधे ते मूग कंपनीचा सिंथ वाजवत होते तेव्हा ते वाद्य जगातच नवीन होतं, इथल्या कित्येक वादकांनी पाहिलंही नसेल.

आणि असं नाचाचं संगीत करणाऱ्या शिकागो-डेट्रॉइटच्या मुलांनी तीच ८०८ आणि ३०३ का घेतली? कारण ती स्वस्त होती. ३०३ बनवलं होतं गिटारवाल्यांना बेसची साथ द्यायला, ते काही जमलं नाही, खरा बेस वाटतच नव्हता, १९८४ पर्यंत बंद पडलं. ८०८ पण १९८३ ला बंद झालं, एकूण बारा हजारच्या आसपास बनली असतील. मग ही सगळी सेकंड हँड बाजारात पडून राहिली आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी उचलली. आज तेच ८०८ परदेशात लाखांच्या घरात विकलं जातं. मला हे वाचल्यावर फार वेळ सुचलंच नाही काही. म्हणजे ज्या मशीनचं आपण देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं करतो ती नवशिक्यांची, खिसा हलका असलेल्यांची मशीनं होती. त्यांच्यासारखं वागायचं असेल तर आज स्वस्तात जे मिळतंय आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते घ्यायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र जुन्याच्या बाजूने मान्य करते. ८०८ मधे रोलँडने मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते, त्यातून ती चरचर यायची, आणि पुढे तसे ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले म्हणून मशीनच बनवता येईना. तर अशी काही जादू असते जी त्या लोखंडातच आहे. २०१७ मधे रोलँडनेच टीआर-०८ म्हणून छोटं मशीन काढलं ते आतून डिजिटल आहे, सर्किटची नक्कल सॉफ्टवेअरने करतं. दोन्हीत फरक आहे का, असेलच. पण तुमच्या पहिल्या वर्षात तुमच्या गाण्यात जे कमी आहे ते त्या फरकामुळे कमी नाहीये, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

मुंबईत जुनं मशीन घेण्याचे काही खर्च असे आहेत की ते जाहिरातीत लिहिलेले नसतात. जपानी बाजारासाठी बनलेलं मशीन शंभर व्होल्टवर चालतं, अमेरिकेतलं १२० वर, आपल्याकडे २३०. सरळ पिन बदलून लावलं की पॉवर सप्लाय जळाला. चांगला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तो गरम होतो, गुणगुणतो, आणि जागा खातो. बऱ्याच जुन्या मशीनना दोनच पिना, अर्थिंगच नाही, आणि आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगमधे भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग पण बेभरवशाचं, मग धातूच्या बॉडीला हात लागला की मुंग्या येतात आणि रेकॉर्डिंगमधे पन्नास हर्ट्झची घूं येत राहते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, हे मी नवं घेणाऱ्यालाही सांगेन.

मग आपली हवा. जून ते सप्टेंबर स्लायडर आणि कीबोर्डखालचे कॉन्टॅक्ट यांच्यावर जो गंज चढतो तो पुण्यात किंवा नाशकात एवढा चढत नसेल. काही पट्ट्या जोरात दाबल्याशिवाय वाजत नाहीत, स्लायडर हलवला की खरखर. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, मशीन पेटीत बंद करून चार महिने ठेवू नका, आठवड्यातून एकदा तासभर तरी चालू ठेवा. वयाने पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकतात ते वेगळंच.

रिपेअरसाठी मी लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. तिथे वरच्या मजल्यावर एक काका बसतात, ॲम्प्लिफायर आणि कीबोर्ड दुरुस्त करतात, त्यांनी झाकण उघडून पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाले, “बॅटरी देतो घालून, होल्डर बसवतो म्हणजे पुढच्या वेळेला तुझी तू बदलशील. कपॅसिटर सगळे बदलू. पण ही आयसी बघ, ही गेली तर मी काय करणार? ही त्यांनी त्यांच्यासाठीच बनवली होती.” जुनं घेताना हेच विचारायचं असतं. साधे पार्ट लॅमिंग्टन रोडला किलोच्या भावाने मिळतील, पण कंपनीच्या खास चिप नाही मिळणार. रोलँडच्या ज्युनो-१०६ च्या व्हॉइस चिप प्रसिद्धच आहेत यासाठी, त्यांच्यावरचं काळं आवरण वर्षांनी खराब होतं आणि व्हॉइस मरायला लागतात, लोक ॲसिटोनमधे बुडवून ते आवरण काढतात किंवा नव्या पर्यायी चिप परदेशातून मागवतात. काकांनी मला अजून एक शिकवलं. माझ्या मशीनला मागे टेपची जॅक होती, त्यातून पॅचचा डेटा आवाज म्हणून बाहेर येतो, जुन्या मोडेमसारखी किरकिर, ती लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवायची आणि मेमरी गेली तर तीच परत मशीनला ऐकवायची. एवढं साधं. जुलैच्या आधी माहीत असतं तर.

त्या दिवाळीला मी नवं मशीन घेतलं. कॉर्गचं मिनीलॉग एक्सडी, २०१९ चं मॉडेल, चार व्हॉइस, सदतीस बारक्या पट्ट्या. ॲनालॉगच आहे, व्होल्टेजवरच चालतं, पण स्वतःचं स्वतः ट्यून होतं. वर बारीक स्क्रीनवर लहर दिसते, फिल्टर बंद करत गेलात की तिचे कोपरे कसे गोल होतात ते डोळ्यांनी दिसतं, नवशिक्याला याच्यापेक्षा चांगला मास्तर नाही. एका यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडलं की झालं. जुन्यात १९८३ च्या आधीचं मशीन असेल तर मिडीच, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची सोय, नसते, कारण मिडी आलीच १९८३ ला, मग कन्व्हर्टर शोधत बसा.

पण मी मिनीलॉगच्या प्रेमात पडले ते वेगळ्याच कारणाने. आई सकाळी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रियाज करते. एका रविवारी मी तिच्या तानपुऱ्यावर सिंथचा गंधार धरला आणि ती आतून म्हणाली, “चढा लागतोय गं.” बरोबर होतं तिचं. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो मूळ स्वराच्या कंपनांच्या पाचपटीचा, आणि पियानोच्या पट्टीतला गंधार त्याच्यापेक्षा जवळजवळ चौदा सेंट वर असतो (सेंट म्हणजे पियानोच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). या मशीनमधे स्वतःची पट्टी भरता येते. मी गंधार चौदा सेंट खाली आणला, पंचम दोन सेंट वर, आणि परत धरला. आई गाता गाता थांबली नाही. तिच्या आवाजाखाली तो सूर असा बसला की कुठून येतोय ते कळेना. माझ्या जुन्या सिंथमधे हे कधीच करता आलं नसतं, एक व्हॉइस बिघडून अपघाताने झालं असतं तर तेवढंच.

मग जुनं अजिबात घेऊ नये का? घ्यावं, पण वेगळं जुनं. माझा मामा नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, लग्नं, गणपती, गिरण्यांच्या मैदानातले कार्यक्रम. त्याला मी माझ्या सिंथचे फोटो दाखवले होते तेव्हा तो म्हणाला होता, “अगं, आम्ही ही असली जड धुडं विकून सुटलो की! रात्री नऊला शो आणि साडेआठला मशीन बंद, मग पब्लिकला काय तोंड दाखवायचं?” त्याच्याकडे अजून रोलँडचा एक्सपी-५० आहे, १९९५ च्या सुमाराचा, चौसष्ट व्हॉइस, सूर हलत नाही, आणि त्यातल्या स्ट्रिंग्ज आणि बेल ऐकल्या की आपल्या लहानपणीच्या सगळ्या मालिका आणि मंडपातली गाणी आठवतात. मुंबईचं खरं व्हिंटेज मला वाटतं हे आहे. बेंजो पार्टीवाल्यांनी बदललेले ऑक्टापॅड, ऑर्केस्ट्रावाल्यांनी कपाटावर टाकलेले कीबोर्ड. परदेशातल्या व्हिडिओत त्यांना कोणी विचारत नाही म्हणून स्वस्त आहेत, आणि इथे त्यांना उघडून दुरुस्त करणारी माणसं अजून हयात आहेत. थोडक्यात सांगायचं तर ३०३ च्या वेळी शिकागोत जे झालं ते आपल्या लालबाग-परळमधे होऊ शकतं.

बाकी गोष्टी पटापट. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-वाद्य लॅपटॉपला जोडायचा डबा, नेहमी नवा घ्या, जुने फायरवायर नावाच्या जुन्या पोर्टवाले कवडीमोलाने मिळतात पण नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. माइकचं उलट, शुअरचा एसएम५८ १९६६ पासून बनतोय आणि आजही तोच आहे, त्यामुळे नवा-जुना वादच नाही, फक्त नकली बघून घ्या. आणि पैसे अजिबातच नसतील तर व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सॉफ्टवेअर सिंथ फुकट आहेत, त्यांच्यावर सहा महिने काढले तरी काही वाया जात नाही.

आता त्या मुलाला मी जे सांगितलं ते. चाळीस हजारांतला तो ऐंशीच्या दशकातला सिंथ सोड, त्यावर पंधरा-वीस हजार रिपेअरचे अजून लागतील आणि ते तुझ्याकडे नाहीत. तरी जाऊन बघायचंच असेल तर विकणाऱ्याला आधीच सांग की मी यायच्या आधी मशीन चालू करू नका. थंड मशीन चालू कर, लगेच एक सूर लॅपटॉपच्या ट्यूनरवर बघ, अर्ध्या तासाने परत बघ. एकच पट्टी बारा वेळा सलग दाब, अशा मशीनमधे बहुतेक वेळा दर वेळी पुढचा व्हॉइस वाजतो, सहा व्हॉइसचं असेल आणि दर सहाव्यांदा आवाज वेगळा आला किंवा आलाच नाही तर एक व्हॉइस गेलेला आहे. सगळे स्लायडर खालीवर कर. सगळ्या पट्ट्या एकदा हळू एकदा जोरात. एक पॅच सेव्ह कर, बंद कर, पिन काढ, चहा पिऊन ये, परत लाव. मी यातलं एकही केलं नव्हतं.

तो म्हणाला बघतो. मग काल रात्री परत मेसेज आला, ताई तुझा मामा तो एक्सपी-५० विकणार आहे का? मी मामाला फोन केला. मामा आधी नाही म्हणाला, मग म्हणाला पोरगा वाजवतो का नुसता ठेवणार आहे, मग म्हणाला रविवारी घेऊन ये त्याला डोंबिवलीला, आधी वाजवून दाखवू दे. माझा जुना सिंथ परत काकांकडे लॅमिंग्टन रोडला आहे, तो सहावा व्हॉइस अजून अडतोय, शनिवारी सुट्टी आहे तर जाऊन येईन.